जुन्या कापडगिरणीतले लॉफ्ट राहायला घ्यावे का? (लॉवेल, मॅसॅच्युसेट्स)

प्रश्न : लालबागची_लेक

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे बॉस्टनच्या उत्तरेकडील एका उपनगरात भाड्याने राहतो आणि आता स्वतःचे घर शोधत आहोत. आम्हाला परवडतील अशी स्वतंत्र घरे कामाच्या ठिकाणापासून फार दूर पडतात. लॉवेल शहरात मात्र मेरिमॅक नदीजवळच्या एका जुन्या कापडगिरणीत चौथ्या मजल्यावरचे, दोन झोपायच्या खोल्यांचे लॉफ्ट (गिरणीच्या मोकळ्या दालनाचे केलेले घर) विक्रीला आले आहे. छत बारा-तेरा फूट उंच आहे, भिंतींच्या विटा उघड्या आहेत, खिडक्या माणसाहून उंच आहेत आणि दिवाणखान्याच्या मधोमध बिडाचे दोन खांब उभे आहेत.

हा निर्णय आम्हाला एरवीच्या घरखरेदीपेक्षा अवघड का जातो आहे, ते आधी सांगते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर ते पुन्हा कधी खात्यात गेले नाहीत. सध्या ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत, म्हणून घर पाहायला त्यांनाही सोबत नेले. एजंटबाई खिडकीतून दिसणारा कालवा दाखवत होत्या आणि बाबा मान वर करून तुळईकडे पाहत होते. तुळईच्या खालच्या अंगाला ठरावीक अंतरावर चार-चार भोकांचे ठसे होते. ‘इथून यंत्रे फिरवणारा शाफ्ट गेला असणार आणि पट्टे खाली साच्यांवर उतरत असणार,’ असे म्हणून त्यांनी ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत पावले मोजली आणि एवढ्या जागेत सहा साचे सहज बसत असतील, असे सांगितले. एका कोपऱ्यात जुन्या फळ्यांची जमीन तशीच ठेवली आहे आणि तिच्यावर काळपट डाग आहेत. बाबा खाली वाकले, डागावरून बोट फिरवले आणि वास घेतला. तेल होते.

घर बाबांना आवडले की नाही, हे मला अजून कळलेले नाही आणि ते स्वतःहून बोलतही नाहीत. माझे प्रश्न मात्र व्यवहारातले आहेत. सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या इमारतीचे खांब आणि तुळया कितपत विश्वासाच्या असतात? उघड्या विटांच्या भिंतींमुळे हिवाळ्यात घर गार पडते का? वरच्या मजल्यावरची पावले ऐकू येतात का? आमचा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्यामुळे जुन्या रंगातील शिशाची भीती वाटते. शिवाय, जवळपासच्या बहुतेक गिरण्यांत सगळी घरे भाड्यानेच का देतात आणि विकत मिळणारी इतकी थोडी का, हेही समजलेले नाही. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : कालव्याकाठी

मी याच शहरात, अशाच एका गिरणीत नऊ वर्षे राहतो आहे, तेव्हा जे भोगले आणि जे उपभोगले ते दोन्ही लिहितो.

प्रथम थंडीविषयी. या गिरण्यांच्या भिंती भरीव विटांच्या असतात, खालच्या मजल्यांवर पुष्कळ जाड आणि वर जाल तसतशा कमी जाड. गिरणीचे घरांत रूपांतर करताना त्यांना आतून उष्णतारोधक थर सहसा देत नाहीत. विटा उघड्या दिसाव्यात हे एक कारण आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की आतली ऊब विटेपर्यंत पोचेनाशी झाली की पावसाचे पाणी विटेत मुरून राहते, हिवाळ्यात गोठते, फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवते. तेव्हा भिंत टिकावी म्हणून थोडी ऊब बाहेर जाऊ द्यावीच लागते, आणि तिचा खर्च आपल्या बिलात दिसतो. कोपऱ्यातल्या घरांना दोन बाहेरच्या भिंती असल्याने ती जास्त गार पडतात. सर्वांत वरच्या मजल्याला मात्र छतावरून बाहेरच्या बाजूने रोधक थर देता येतो, म्हणून आपला चौथा मजला शेवटचा आहे की त्याच्यावर आणखी मजला आहे, हे आधी पाहावे. मागच्या दोन हिवाळ्यांची जानेवारी आणि फेब्रुवारीची बिले विक्रेत्याकडे मागावीत. वर्षाची सरासरी सांगितली तर ती ऐकून घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये.

आवाजाबाबत आपल्याला छतावर जे सुंदर दिसते तेच त्रासाचे मूळ असते. या इमारतींत तुळयांवर तीन-चार इंच जाड फळ्या घातलेल्या असतात आणि त्याच फळ्या खालच्या घराचे छत असतात, मध्ये पोकळी नसते. रूपांतर करताना वरच्या बाजूने आवाज शोषणारी चटई घालून त्यावर जिप्समचा थर ओतला असेल तर बोलणे सहसा खाली येत नाही, पावलांची धपधप मात्र थोडी येते. तसे केले नसेल तर वरच्या घरात पडलेला चमचासुद्धा ऐकू येतो. आपण पाहिलेल्या घरात जुन्या फळ्यांची जमीन उघडी ठेवली आहे, म्हणजे निदान त्या कोपऱ्यात हा थर नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या धावण्याबद्दल खालच्या शेजाऱ्याशी आपले बोलणे होणार, हे गृहीत धरावे. घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. संध्याकाळी सात वाजता जावे, कारण तेव्हा वरचे लोक घरी असतात.

आता मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट. आमच्या इमारतीच्या विटांच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पूर्वी कुणीतरी सिमेंटने भरल्या होत्या. मूळ बांधकाम चुन्याचे होते. चुना मऊ असतो, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. कडक सिमेंटने ती वाट बुजवली आणि ओल विटेतूनच बाहेर पडू लागली. मी राहायला आल्यावर चौथ्या वर्षी उत्तरेकडच्या भिंतीच्या विटांचे तुकडे पदपथावर पडू लागले. असोसिएशनच्या, म्हणजे इमारतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, गंगाजळीत पुरेसे पैसे नव्हते, म्हणून प्रत्येक घराकडून मासिक वर्गणीशिवाय विशेष वर्गणी घेण्यात आली आणि त्या वर्षी आम्ही भारतात येण्याचा बेत रद्द केला. सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरण्याचे काम दोन उन्हाळे चालले. म्हणून सांगतो, घराच्या आतील ओट्याचा दगड पाहण्याआधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारावी. दरजा करड्या, गुळगुळीत आणि विटेच्या पुढे आलेल्या दिसल्या तर सावध व्हावे.

एवढे असूनही मी घर विकलेले नाही. डिसेंबरात दुपारी तीन वाजता त्या उंच खिडक्यांतून घराच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऊन येते आणि तेवढ्यासाठी मी बरेच काही सहन करतो.

प्रतिसाद २ : जुनी_बांधकामे

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझ्या कामाचा बराच भाग जुन्या इमारतींच्या तपासणीचा असतो. खांब आणि तुळयांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो.

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येते त्या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, गिरण्या विशिष्ट पद्धतीने बांधलेल्या आहेत आणि तिचे श्रेय वास्तुविशारदांपेक्षा गिरणीमालकांनी एकमेकांसाठी काढलेल्या विमा कंपन्यांना अधिक आहे. कापसाची तूस आणि यंत्रांचे तेल यांमुळे गिरण्या वारंवार जळत असत. विमा कंपन्यांनी आग्रह धरला की लाकूड वापरायचेच असेल तर ते मोजके आणि जाडजूड वापरा, आग लपून पसरेल अशी पोकळी छतात किंवा भिंतीत ठेवू नका आणि जिना मुख्य इमारतीबाहेर स्वतंत्र मनोऱ्यात काढा. जाड तुळई बाहेरून कोळपते, पण कोळशाचा तो थरच आतल्या लाकडाचे रक्षण करतो, त्यामुळे ती बराच वेळ भार पेलत राहते. उघडे लोखंड तापले की एकाएकी वाकते, तसे तिचे होत नाही. आपण लॉफ्टमध्ये जे रूप पाहून मोहित होतो, म्हणजे उघड्या तुळया, उघड्या फळ्या, सलग मोकळी जागा, ते सगळे मुळात आगीच्या भीतीतून घडलेले आहे. म्हणूनच कुणी सोयीसाठी खोटे छत टाकून पोकळी निर्माण केली असेल, तर त्या पोकळीत स्प्रिंकलर (आग लागताच पाणी फवारणाऱ्या तोट्या) आहेत का, हे अवश्य विचारावे.

भाराच्या बाबतीत आपण निश्चिंत असावे. घराच्या जमिनीसाठी अमेरिकेत दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरतात. ज्या जमिनीवर रांगेने माग चालत होते आणि दिवसभर हादरत होते, ती याहून पुष्कळ अधिक भारासाठी बांधलेली असते. आपल्या वडिलांनी मोजलेले सहा साचे हीच त्या जमिनीची सर्वांत मोठी चाचणी होती.

बिडाच्या खांबांबाबत मात्र दक्षता हवी. लॉवेलपासून जवळच लॉरेन्स येथे पेम्बर्टन गिरणी १० जानेवारी १८६० रोजी कामगार आत असताना कोसळली आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांची सुटका चालू असताना दिव्यामुळे आग लागून मृतांचा आकडा आणखी वाढला. खांब पोकळ होते, ओतताना आतला गाभा सरकल्याने त्यांची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फारच पातळ झाली होती, आणि त्यावर वाजवीपेक्षा जड यंत्रे चढवलेली होती. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि आघात सोसत नाही, शिवाय तडकण्याआधी वाकून इशाराही देत नाही. रूपांतराच्या वेळी खांबांची जाडी निरनिराळ्या बाजूंनी मोजली होती का, हे इमारतीच्या अहवालात सापडायला हवे. ‘इतकी वर्षे उभी आहे’ हे उत्तर मिळाले तर ते पुरेसे मानू नये. घर घेतल्यावर दूरदर्शन संचाचा कंस बसवण्यासाठी किंवा झोक्यासाठी खांबाला भोक पाडण्याचा विचारही करू नये.

शिशाबद्दल कायदाच स्पष्ट आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ पूर्वी बांधलेल्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल तर शिशाचा धोका दूर करण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि घर विकत घेतल्यावर मालक आपणच. म्हणून परवानाधारक तपासनिसाकडून घराची तपासणी करून घ्यावी आणि कागद हाती आल्याशिवाय करार पक्का करू नये. खांबांवरचे रंगाचे थर, जुन्या खिडक्या असल्यास त्यांच्या घासणाऱ्या कडा आणि फळ्यांच्या फटींतली धूळ या तीन जागा त्यांना मुद्दाम दाखवाव्यात. तेलाचे डाग असलेली जमीन हौसेने स्वतः घासून काढायला जाऊ नये. घासल्याने ती धूळ घरभर होते, आणि लाकडात खोल मुरलेले तेल काही काळाने पुन्हा वर येतेच.

प्रतिसाद ३ : भोईवाडा_परळ

भाड्याची घरे इतकी जास्त का, या प्रश्नाचे उत्तर करांच्या नियमांत आहे. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या इमारतीचे रूपांतर ठरवून दिलेल्या निकषांनुसार केले, तर मान्य खर्चाच्या २० टक्के इतकी सवलत अमेरिकेचे केंद्र सरकार आयकरात देते. मॅसॅच्युसेट्स राज्याची आणखी २० टक्क्यांपर्यंतची सवलत निराळी आहे. केंद्राच्या सवलतीची अट अशी की इमारत उत्पन्न देणारी असली पाहिजे आणि पाच वर्षांच्या आत विकली तर सवलतीचा हिस्सा परत करावा लागतो. त्यामुळे विकासक आधी घरे भाड्याने देतो, आणि विकायची झाली तरी पाच वर्षांनंतर विकतो. खिडक्यांच्या तावदानांची विभागणी मूळच्यासारखीच ठेवण्याचा आग्रहही याच निकषांतून येतो. तेव्हा घर आपले झाले तरी खिडकी आपल्या मर्जीने बदलता येणार नाही, ही तयारी ठेवावी.

आता थोडे मुंबईविषयी लिहितो, कारण आपल्या वडिलांच्या मनात जे चालले असेल ते मलाही जवळचे आहे. मी गिरणगावात वाढलो आणि एक प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे, तो असा की लॉवेलच्या गिरण्यांत माणसे राहायला गेली, मग आमच्या गिरण्या पाडल्या का गेल्या?

एक कारण बांधकामाचे आहे. आमच्याकडचे विणकामाचे भाग बहुतेक तळमजल्यावर पसरलेले, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांचे होते. दात्याची काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड. कापडासाठी ते उत्तम, पण राहण्यासाठी तिथे भिंतीत खिडकीच नसते. सूतकताईच्या बहुमजली इमारती मात्र घरांसाठी योग्य होत्या आणि त्यांतल्या कितीतरी भक्कम होत्या.

खरे कारण जमिनीचे आहे. लॉवेलमध्ये १९२० च्या दशकापासून गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, शहर ओस पडले आणि जमिनीला मोल उरले नाही. जे काही मोल होते ते उभ्या इमारतींचे होते. १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले आणि इमारती राखण्यात शहराला आपले हित दिसले. मुंबईत सगळे याच्या उलट होते. सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी, आणि तिच्यावर उभी असलेली इमारत म्हणजे मालकाच्या दृष्टीने नुसती अडचण. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यायची होती. हा वाटा द्यावा लागू नये म्हणून काही मालकांनी जुन्या शेड तशाच ठेवून त्यांत कचेऱ्या, दुकाने आणि उपाहारगृहे आणली. लोअर परळला जे रूपांतर झाले ते असे झाले, आणि त्यात राहण्याची घरे नव्हती. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला होता, त्याप्रमाणे काम झाले नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. म्हणजे इमारत पाडून जी जमीन मोकळी होईल ती सगळी मालकाची. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला. त्यानंतर गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या एकामागून एक पडल्या. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची, प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे, आणि अर्ज सुमारे दीड लाख.

जुन्या इमारतीत घरे करण्याने कामगारांना न्याय मिळाला असता, असे मी म्हणणार नाही. लॉवेलच्या लॉफ्टमध्येही गिरणीत राबलेल्यांची नातवंडे क्वचितच राहत असतील. पण तिथे आपले वडील तुळईवरचे ठसे वाचू शकले. मी माझ्या मुलीला परळला नेले, तर मला बोट दाखवायला एखादी चिमणी मिळते, आणि तिच्या खालचे खाते कुठे होते ते मला हवेत हात फिरवून सांगावे लागते. हे मला फार लागते.

लालबागची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे बुधवारी संध्याकाळी सात वाजता पुन्हा गेलो. वर आणखी एक मजला आहे आणि तिथे जिप्समचा थर घातलेला आहे. पावले ऐकू आली, बोलणे ऐकू आले नाही. बाहेरून फेरी मारली तेव्हा नदीकडच्या भिंतीच्या दरजा पांढुरक्या आणि किंचित आत दबलेल्या दिसल्या, मात्र वाहनतळाकडच्या भिंतीचा खालचा भाग करडा आहे आणि तिथल्या तीन-चार विटांचे पापुद्रे गेलेले आहेत. त्याचे छायाचित्र काढून असोसिएशनला विचारले आहे. खांबांच्या मोजणीचा अहवालही मागितला आहे. शिशाच्या तपासणीची वेळ पुढच्या शुक्रवारी मिळाली.

बाबांना मी शेवटी स्पष्टच विचारले. ते म्हणाले की त्यांच्या खात्यात ओलावा टिकावा आणि धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंदच ठेवत असत, त्यामुळे एवढ्या उंच खिडक्या असलेल्या खात्यात वारा कसा येतो ते त्यांना पाहायचे आहे. मग त्यांनी एजंटबाईंना विनंती करून एक खिडकी उघडायला लावली आणि बाहेर कडाक्याची थंडी असूनही बराच वेळ तिथेच उभे राहिले.

एक प्रश्न राहिला. असोसिएशनने कागद दिले तर त्यांत नेमके काय पाहावे?

कालव्याकाठी

तीन गोष्टी पाहाव्यात. गंगाजळीत आज किती रक्कम आहे आणि येत्या दहा वर्षांत छप्पर, भिंती व लिफ्ट यांवर किती खर्च अपेक्षित धरला आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. गेल्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते मागवून त्यांत वीटकाम, गळती आणि विशेष वर्गणी हे विषय शोधावेत. वाहनतळाकडच्या त्या भिंतीची चर्चा झाली असेल तर ती तिथेच सापडेल, आणि झालीच नसेल तर तेही पुरेसे बोलके आहे. तिसरे म्हणजे, विक्रेत्याकडे सामाईक खर्चाची थकबाकी नाही असे असोसिएशनचे प्रमाणपत्र व्यवहाराच्या दिवशी हाती असावे. या राज्यात त्याला ‘सिक्स-डी’ म्हणतात आणि ते नसेल तर राहिलेली थकबाकी आपल्या घरावर येऊ शकते.

आणखी एक सुचवतो. बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात विणकामाचे अख्खे खाते चालू स्थितीत ठेवले आहे आणि आत जाताना कानात घालायला बोळे देतात. वडिलांना तिथे न्यावे. ते बोळे घेणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.